बसक्या सुराची रॅकेट

रॅकेट हातात आली की मी आधी नखानं तार छेडते. भारताकडून खेळत होते तेव्हा सगळ्यांना वाटायचं, हा माझा काहीतरी शकुन असणार. एका पेपरवाल्यानं तर लिहून टाकलं होतं की हिचे वडील बहुधा गवई असावेत. गवई कसले डोंबलाचे! आप्पा लष्करातले हवालदार, आणि त्यांच्या गळ्यातून आरतीसुद्धा हुकूम सोडल्यासारखी निघायची. मी तार छेडते ती एवढ्याचसाठी, की हातात आलेली रॅकेट 'ती' नाही याची खात्री व्हावी. ती मोडून आता चाळीसच्या वर वर्षं झाली. तरी जकार्ताच्या हॉलमध्ये हजारो माणसं ओरडत असताना मला तिचा बसका आवाज ऐकू आलेला आहे, आणि साताऱ्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये भर दुपारी भांडी विसळताना आजही ऐकू येतो. मुलाखतींमधून मी वडील, कष्ट, देश, तिरंगा सगळं सांगून झालं आहे. हे तेवढं सांगितलं नाही. ज्या दारातून मी पुढं गेले, ते दार माझ्यासाठी उघडलेलं नव्हतं. ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी, सुमनअक्कासाठी होतं. आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

आमचं घर पलूसच्या बाहेर, मळ्यात. घरापुढचं खळं हेच आमचं कोर्ट. सुगी आली की कोर्ट बंद. तिथं ज्वारीची कणसं पडायची आणि आम्ही दोघी हात शिवशिवत बसायचो. सुगी सरली की आई खळं शेणानं सारवून द्यायची आणि आप्पा दोरी ताणून पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढायचे. पलटणीत असताना ऑफिसरांच्या मेसमध्ये बॅडमिंटनचं नेट बांधायचं काम त्यांच्याकडं होतं. एखाद्या साहेबाला जोडीदार नसला की, "हवालदार, आ जाओ," म्हणून हाक यायची. साहेबाला हरवायचं नाही एवढी एकच अट. "सगळं फटकं यायचं मला, पर मारायची चोरी," असं ते सांगायचे, आणि ते सगळे न मारलेले फटके त्यांनी आम्हा दोघी पोरींच्या हातात भरले. गावाला मोठी गंमत वाटायची. बांधावरनं जाता जाता कुणीतरी विचारायचंच, "हवालदार, पोरींच्या हातात चाळण्या कशापायी दिल्या वं?" आप्पा रेघ ओढता ओढता मान वर न करता म्हणायचे, "वारं चाळाय!"

पिसांच्या त्या शटलला आम्ही फूल म्हणायचो. फुलं महाग, आणि आमच्या कोरड्या हवेत पिसं काडीसारखी मोडायची. मग सकाळच्या चहाच्या पातेल्यावर आप्पा एकेक फूल उलटं धरून वाफ द्यायचे, म्हणजे पिसं नरम पडून चार दिवस जास्त टिकायची. आईच्या गळ्यात वारकऱ्याची माळ, तिला त्या पिसांची किळस. "पिसांचा च्या पिऊन पिऊन एक दिवस आरवाय लागशीला दोघीबी," म्हणायची. अंडी तर तिनं उंबऱ्याच्या आत येऊच दिली नाहीत. आप्पांनी बाहेर तीन विटांची चूल मांडली होती, तिच्यावर ती उकडायची आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून, आईकडं पाठ करून खायची. वर शेंगदाण्याची चटणी, दही आणि चुलीवरनं थेट ताटात पडलेली भाकरी. एवढ्या देशांत जेवले, पण सामन्याच्या आधी मला भूक लागायची ती त्याच जेवणाची.

आमच्या घरात एक रीत होती, ती इथंच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आप्पा पाच भावांतले शेवटचे. लहानपणी त्यांच्या वाट्याला नेहमी उरलेलं आलं. चौघांनी घातलेला सदरा, चौघांनी चिवडलेला आंबा. त्यामुळं स्वतःच्या घरात त्यांनी नेम घातला की काहीही आलं तरी धाकटीनं आधी उचलायचं. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा असो, हुरड्याचं कणीस असो, दिवाळीचं परकराचं कापड असो, आधी मी. अक्का दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहायची, माझं उचलून होईपर्यंत. कधी कुरकूर नाही, कधी डोळ्यांत पाणी नाही. मला वाटायचं थोरल्या बहिणी अशाच असतात. आप्पांना तर आपण केवढा न्याय केला असं वाटायचं. एकीवरचा अन्याय टाळायला दुसरीवर रोज करतोय, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

आणि खेळात अक्का माझ्यापेक्षा चांगली होती. थोडीथोडकी नाही, लय चांगली. मी पळायची, ती चालायची. मी दात-ओठ खाऊन मारायची आणि ती हसत हसत फूल असं नेटच्या पलीकडं ठेवून द्यायची, की मी खळ्यावर तोंडघशी. दहा डाव झाले तर नऊ तिचे, आणि दहावा तिनं मला दिलेला. मी रडायला लागले की म्हणायची, "अगं विमी, रडतीस काय, उद्या हरव की मला!" तो उद्या कधी यायचा नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर मी मनातल्या मनात तिला हरवायची. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला जगात दुसरं काहीही नको होतं.

रॅकेटी दोनच. लाकडी चौकटीच्या, आप्पांच्या एका दोस्तानं कॅन्टीनमधून आणून दिलेल्या, एकाच खोक्यातनं निघालेल्या जुळ्या. मुठीला दोन्हीच्या सायकलच्या ट्यूबची पट्टी. माझी-तुझी असं काही नव्हतं, हाताला येईल ती घ्यायची. तारा तुटल्या की आप्पा आम्हाला मिरजेला पाठवायचे, रहिमानचाचांकडं. रहिमानचाचा तंबोरे करणारे. रॅकेट बांधणं हे काही त्यांचं काम नव्हे, पण आप्पांशी त्यांची दोस्ती, आणि त्यांना या खेळण्याची मौज वाटायची. आता यंत्र असतं, आकडा दाबला की तेवढाच ताण बसतो. चाचा कानानं बांधायचे. एकेक तार ओढायची, नखानं छेडायची, मान हलवायची, पुन्हा ओढायची. भोवती भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, सरसाचा वास. "हिचा सूर लागल्याबिगर मी सोडणार न्हाई," म्हणायचे, आणि खरोखर त्यांनी बांधलेल्या रॅकेटीनं फूल मारलं की टण्ण असा गोल आवाज यायचा.

मग एका वर्षी साताऱ्याला निवड आहे असं कळलं. आपल्या भागातून एकच मुलगी घेणार, पुण्याच्या शिबिराला. तिथं राहणं, खाणं, शिकवणं सगळं त्यांचं, आणि तिथून पुढं राज्याचा संघ. एकच मुलगी! आप्पा खूश. "दोघी खेळा. कुणीबी गेली तरी घरातलीच जाईल," म्हणाले. पण जाणार कोण हे खळ्यावरच्या चिमण्यांनाही ठाऊक होतं. आईनं अक्कासाठी लाडवाचा डबा काढूनसुद्धा ठेवला होता.

निवडीच्या तीन दिवस आधी आम्ही मिरजेला रॅकेटी आणायला गेलो. अक्काला तहान लागली म्हणून ती दाराशी ठेवलेल्या रांजणाकडं गेली. चाचांनी मला जवळ बोलावलं. एक रॅकेट माझ्या कानाशी धरून छेडली. टण्ण. मग दुसरी. तिचा सूर सुरू झाला आणि मध्येच बसला, सर्दी झालेल्या माणसाच्या घशासारखा.

"ऐकलीस? लाकडाच्या पोटात चीर हाय," चाचा म्हणाले. "वरनं दिसत न्हाई. खेळाय चालंल, पर मोठ्या मॅचला काढू नका, बेटी. जोराचा मार बसला की जाईल. भणीला सांग, आप्पांना सांग. आठ दिवसांनी आणून द्या, सरस भरून देतो."

"व्हय चाचा," मी म्हणाले.

एस.टी.त गर्दी होती म्हणून सांगितलं नाही. घरी पाहुणे आले होते म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पा फक्की टाकत होते तेव्हा मी त्यांच्या मागं मागं हिंडले, तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला माहीत होतं ते काय म्हणतील. एकच चांगली रॅकेट आहे म्हटल्यावर म्हणणार, "मग सुमीच खेळू दे. तू पुढच्या साली." पुढच्या साली! ज्याला खरोखर काही हवं असतं त्याला पुढचं साल म्हणजे कधीच नाही असं ऐकू येतं. मी मनाशी ठरवलं, साताऱ्याला गेल्यावर सांगू.

साताऱ्यात आप्पांच्या पलटणीतल्या दोस्ताकडं उतरलो. सकाळी त्यांच्या बायकोनं तुपातला शिरा घातला, तो मी ताटात नुसता चिवडला. हॉल सिमेंटच्या जमिनीचा, थंडगार, आणि बाकांवर बंडी-टोपी घातलेले पेन्शनर फौजी ओळीनं बसलेले. पहिल्या दोन फेऱ्यांना आमचे सामने पुढं-मागं होते. त्यामुळं एकच रॅकेट दोघींना पुरत होती, आणि ती चांगली असेल असं मीच बघत होते. माझं झालं की पळत जाऊन अक्काच्या हातात द्यायची. अक्का एकदा म्हणालीसुद्धा, "ती दुसरी हाय की पिशवीत," तर मी म्हणाले, "ही सवयीची झालीया." किती बरं वाटत होतं मला तेव्हा! न सांगताच सगळं निभतंय असं वाटत होतं. मग दुपारी दोघीही जिंकलो आणि शेवटच्या सामन्याला एकमेकींसमोर आलो.

आप्पांनी पिशवीतून दोन्ही रॅकेटी काढून बाकावर ठेवल्या. सगळ्या पेन्शनरांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "आमच्या घरचा नेम हाय. धाकटी आदी उचलंल." लोक हसले, कौतुकानं. अक्कानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

मी वाकले. दोन्हींवरून नख फिरवलं, हळूच, कुणाला दिसणार नाही असं. एक टण्ण वाजली. दुसरीचा घसा बसलेला होता. तोंडाशी शब्द आला होता हे मी देवाशपथ सांगते. मान वर केली तर अक्का माझ्याकडंच बघत होती, नेहमीसारखी, शांत. मी चांगली उचलली.

पहिला गेम तिनं घेतला. दुसरा मी घेतला, कारण ती जोरानं मारतच नव्हती, नुसती फुलं ठेवत होती. मला वाटलं दमली असेल. तिसऱ्या गेममध्ये आठ-आठ झाले. तेव्हा मुलींचा गेम अकराचा असायचा. मी एक फूल उंच उडवलं, अगदी तिच्या डोक्यावर. खळ्यावर असल्या फुलाचं ती काय करायची ते मला माहीत होतं. ती मागं सरली, हात वर गेला, आणि तिनं पहिल्यांदा सगळा जीव ओतून मारलं. असा आवाज झाला की बाकावरचे फौजीसुद्धा दचकले. चौकट मोडून तारांना लोंबत होती आणि लाकडाचं एक लांब कुसळ अक्काच्या तळहातात घुसलं होतं.

पंचांनी विचारलं, दुसरी आहे का? नव्हती. कुणीतरी आपली दिली, नायलॉनच्या ढिल्या तारांची, धोपाटण्यासारखी जड. अक्कानं तळहाताला रुमाल गुंडाळला आणि सामन्याला उभी राहिली. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. दुखऱ्या हातानं तिला बॅकहँड मारता येत नव्हता हे दिसत होतं, म्हणून मी प्रत्येक फूल तिकडंच मारलं. एक, दोन, तीन. अकरा-आठ. आप्पांनी मोडकी रॅकेट हातात फिरवून बघितली आणि म्हणाले, "लाकूड हाय. मोडायचंच." अक्का जवळ आली, रुमालाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "जा पळ, नाव लिवून घ्याल्यात तिथं." तो लाडवाचा डबा मी पुण्याला नेला. एकही लाडू खाल्ला नाही, मुंग्या लागल्या.

अक्का त्यानंतर कधी खेळली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, जतच्या बाजूला, कोरडवाहू मुलखात. मी राज्याकडून खेळले, देशाकडून खेळले, विमानातून हिंडले. बक्षिसं मिळाली, नाव झालं. खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. पण एक गोष्ट माझ्या प्रशिक्षकांनी हेरली होती. तिसऱ्या गेमला आठ-आठ झाले की मी ढासळायची. पुढं असले तर जिंकायची, मागं असले तरी कधी कधी ओढून आणायची, पण आठ-आठ झाले की संपलं. फूल उंच उडालं की मला पलीकडं दुसरी कुणी दिसायचीच नाही. हात पाठीमागं धरून उभी असलेली अक्का दिसायची, आणि माझ्याच हातातली रॅकेट बसक्या आवाजात वाजायची. डॉक्टर झाले, ध्यान झालं, कुणी अंगारेही दिले. मला ठाऊक होतं औषध कुठं आहे. जतला जाणाऱ्या एस.टी.त बसायचं आणि दोन वाक्यं बोलायची. ती एस.टी. मी चाळीस वर्षं चुकवली. तिच्याकडं गेले तरी मी पोराबाळांचं बोलायची, पावसाचं बोलायची आणि परत यायची.

मागच्या थंडीत मिरजेला माझा गुडघा बदलला. दवाखान्यात सोबतीला कोण, तर अक्का. पासष्टी उलटलेली, पण तरातरा चालते. मी मात्र वॉकर धरून उभी. पिशवीभर डाळिंबं घेऊन आली होती, तिच्या बागेतली. एका सकाळी खालच्या गल्लीतून कुणीतरी तंबोरा लावत असल्याचा आवाज आला. एकच तार, पुन्हा पुन्हा. म्हटलं, आता नाही तर मग कधीच नाही.

"अक्का," मी म्हणाले, "ती रॅकेट. मला माहीत होतं. चाचांनी मला सांगितलं होतं."

ती डाळिंब कापत होती. सुरी थांबलीसुद्धा नाही. "मला बी ठावं हुतं की," ती म्हणाली. "मी रांजणापाशीच हुते न्हवं का. चाचाचा आवाज काय बारीक हुता व्हय?"

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस गं?"

"म्हटलं, तुला हरवाय फुटकीबी पुरं हाय." ती खुदकन हसली, अगदी तेव्हाची सुमी. "लय माज हुता मला. जपून जपून खेळत हुते, बघितलं न्हाईस? नुसती फुलं ठेवत हुते." मग हसू ओसरलं. "आनि पयल्या दोन मॅचला तू मला धड रॅकेट आनून देत हुतीस. तवा वाटलं, माझी विमी सांगनार. बाकापाशी वाकलीस तवा वाटलं, आता सांगंल. खेळताना वाटलं, आता थांबंल, आता सांगंल. आठ-आठपतोर वाट बघितली बघ. मग मातूर राग आला, आनि मारलं."

मी रडायला लागले. साठी उलटलेली बाई, दवाखान्याच्या खाटेवर, ओक्साबोक्शी. मला क्षमा हवी होती की शिव्या, तेही कळत नव्हतं. अक्कानं दोन्हींतलं काहीच दिलं नाही. पदरानं माझे डोळे पुसले, "गप, टाकं दुखतील," म्हणाली आणि डाळिंबाची दोन अर्धकं ताटलीत ठेवली. एक लालभडक होतं. दुसरं एका बाजूनं काळं पडलं होतं.

"तू घे आधी," मी म्हणाले. "आज तू घे."

"न्हाई गं," अक्का म्हणाली, "आप्पांचा नेम हाय." तिनं ताटली माझ्यापुढं सरकवली, दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि वाट बघत उभी राहिली.